धुऱ्यावरचा तंटा आणि आत्मरक्षणाची सीमा

मागल्या पावसाळ्यांत मेहकर तालुक्यांतील एका खेड्यांत सायंप्रार्थना आटोपल्यावर मंडळींतील एका वयोवृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस अंगणांत थांबविलें आणि विचारलें, "पाद्रीसाहेब, रात्रीं बाजेखालीं कुऱ्हाड ठेवूं कीं नको, एवढें सांगा." त्यांची हकीकत अशी. शेजारचा शेतकरी दरवर्षीं नांगरटीच्या वेळीं धुरा थोडथोडा कोरून आपल्या अंगास घेतो. गेल्या वर्षीं दोन तासें, यंदा आणखी दोन. यंदा यांनीं हटकलें, तेव्हां त्यानें कुऱ्हाड दाखवून तुकडे करण्याची धमकी दिली. गांवच्या उपदेशकानें त्यांस दुसरा गाल पुढें करण्याविषयींचें वचन ऐकविलें. दुसऱ्या एका भावानें लूककृत शुभवर्तमान उघडून, शिष्यांनीं तरवार बाळगावी असें प्रभु बोलला तें स्थळ दाखविलें. या दोघांच्या मध्यें म्हातारबाबा तसेच राहिले. आम्हींही त्या रात्रीं, प्रार्थना करा, यापलीकडे धड उत्तर दिलें नाहीं. परतीच्या वाटेवर तें मनास बोचत राहिलें. म्हणून हा लेख.

वाचकहो, आपणांस ठाऊकच आहे कीं आमच्या या काळ्या जमिनीच्या मुलुखांत माणसें एकमेकांच्या उरावर बसतात तीं कांहीं राज्यासाठीं नव्हे. धुरा कोणीं कोरला, पांदण कोणीं अडविली, विहिरीची पाळी कोणाची, कोणाची म्हैस कोणाच्या तुरींत शिरली, एवढींच कारणें. आणि शेतकऱ्यास हत्यार मुद्दाम घ्यावें लागत नाहीं. तें त्याच्या हातांत अगोदरच असतें. विळा, कुऱ्हाड, पावडें, तुतारी हीं पोट भरण्याचीं साधनें. रागाचा क्षण आला कीं त्याच साधनाचें हत्यार होतें, आणि मग जो तो म्हणतो, मी आपला जीव वांचविला. खरोखर जीव वांचविला कीं मनांतला राग काढला, हें सांगणारा तिसरा माणूस त्या वेळीं शेतांत बहुधा नसतो.

राज्याचा कायदा काय म्हणतो तें प्रथम पाहूं. कारण पुष्कळ उपदेशकांस वाटतें कीं स्वतःस वांचविण्यासाठीं हात उचलणें हाच गुन्हा, आणि पुष्कळ तरुणांस वाटतें कीं आपल्या शेतांत शिरला त्यास मारण्याची मोकळीक आहे. दोन्ही समज चुकीचे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत ९६ पासून १०६ पर्यंतचीं कलमें याच विषयाचीं होतीं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, आणि तींच तत्त्वें आतां ३४ ते ४४ या कलमांत आहेत. जुन्या संहितेचा मूळ मसुदा मेकॉले साहेबांच्या मंडळानें १८३७ सालीं सादर केला. येथील प्रजा मार निमूट सोसते, तिला थोडें धीट करावें, अशी त्यांची समजूत होती, म्हणून हा हक्क त्यांनीं बराच मोकळ्या हातानें दिला. तरी त्यास कुंपण घातलेंच. अधिकाऱ्यांकडे धांव घेण्यास अवसर असेल तेथें हा हक्क नाहीं. बचावास लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाहीं. समोरच्याचा प्राण घेण्यापर्यंत तो पोंचतो तो मृत्यूचें किंवा जबर दुखापतीचें वाजवी भय असतां, अथवा बलात्कार, अपहरण, तेजाब फेकणें अशा हल्ल्यांत. आणि मालमत्तेच्या बाबतींत जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं केलेली घरफोडी, राहत्या घरास आग लावणें, अशा थोड्याच प्रसंगीं. साधी चोरी किंवा शेतांतील अतिक्रमण यांसाठीं, जिवाचें भय नसेल तर, अडविण्यापुरतें बळ चालेल. प्राण घेणें चालणार नाहीं. दोन तासांचा धुरा तर यांत कोठेंच बसत नाहीं.

आतां मोशेच्या नियमशास्त्रांत निर्गमाचा बाविसावा अध्याय काढून पाहा. चोर रात्रीं घर फोडतांना सांपडला व मार लागून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाहीं. पण सूर्य उगवल्यावर तेंच घडलें तर दोष आहे. आम्ही सेमिनरींत असतांना हें स्थळ झटकन ओलांडून गेलों होतों. आतां वाटतें कीं या सगळ्या प्रश्नाची किल्ली तेथेंच आहे. चोर तोच, घर तेंच, माल तोच. मग उन्हानें एवढा फरक कां पडावा? कारण अंधारांत आलेला माणूस कोण, एकटा कीं चौघे, माल नेण्यास आला कीं गळा कापण्यास, हें घरधन्यास दिसत नाहीं. शेजार झोंपेंत असतो. हांकेला कोणी येत नाहीं. दिवस उगवला कीं तोंड ओळखतां येतें, चार लोक जमवितां येतात, चोराकडून भरपाई घेतां येते. म्हणजे चोराच्या प्राणाची किंमत रात्रीं कमी व दिवसा जास्त असते असें नव्हे. दुसरा उपाय उरला नव्हता कीं उरला होता, एवढाच प्रश्न आहे.

हेंच आमच्या सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या शब्दांनीं सांगितलें. जयदेव विरुद्ध पंजाब राज्य हा खटला १९६३ सालच्या निकालसंग्रहांत छापला आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति गजेंद्रगडकर हे आमच्या साताऱ्याचे. तंटा खेड्यांतलाच होता, जमिनीच्या ताब्याचा. शेतांत दोन पक्ष भिडले, बंदुका चालल्या, माणसें मेलीं. न्यायालयानें जें ठरविलें त्याचा आशय असा कीं समोरचे लोक पाठ दाखवून पळूं लागले त्या क्षणीं भय संपलें, आणि भय संपलें कीं बचावाचा हक्कही संपला; त्यानंतर झाडलेली गोळी ही बचावाची नव्हे. न्यायालयें हेंही वारंवार सांगत आलीं आहेत कीं जिवावर बेतलेल्या माणसानें प्रत्येक घाव सोनाराच्या कांट्यावर तोलून घालावा अशी अपेक्षा धरूं नये. हें आम्हांस न्याय्य वाटतें. परंतु पळणाऱ्याच्या पाठीवर घातलेल्या कुऱ्हाडीस कोणत्याही कांट्याची गरज नाहीं. तेथें सूर्य उगवला आहे.

अडचण अशी कीं संतापलेल्या किंवा भ्यालेल्या माणसास भर दुपारीं रात्र दिसते. आणि तीं माणसें पुष्कळ असलीं तर अधिकच. धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं, आठवडी बाजाराच्या दिवशीं, सोलापूरकडून भिक्षा मागत आलेल्या भटक्या जमातीच्या पांच माणसांस गांवकऱ्यांनीं मारून टाकलें. मुलें पळविणारी टोळी फिरते अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. पंचायतीच्या कचेरींत कोंडून मारलें. म्हणजे ते पांचजण ताब्यांत होते, पळूं शकत नव्हते, पोलिसांस बोलावण्यास वेळ होता. तरी मारणाऱ्यांपैकीं पुष्कळांस आपण लेंकरांचें रक्षण करतों आहों असेंच वाटत असेल. २०२४ सालीं धुळ्याच्या न्यायालयानें सात जणांस जन्मठेप दिली. त्या पांचांच्या घरींही लेंकरें होतीं. आमच्या मंडळींतल्याही कांहीं तरुणांनीं तसल्या अफवा पुढें धाडल्या होत्या, हें येथें लपवीत नाहीं.

नागपूरची गोष्ट याहून अवघड आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजीं कस्तुरबा नगरच्या जमावानें, ज्यांत पुष्कळ बाया होत्या, एका गुंडास न्यायालयाच्या इमारतींतच ठार केलें. त्यानें ती वस्ती वर्षानुवर्षें छळली होती, स्त्रियांची अब्रू घेतली होती, आणि तक्रार करूनही कोणी ऐकत नाहीं असें त्या बाया सांगत. २०१४ सालीं खटल्यांतील आरोपी पुराव्याअभावीं सुटले. तो माणूस त्या दिवशीं पोलिसांच्या ताब्यांत होता, म्हणून आम्ही त्या कृत्यास आत्मरक्षण म्हणूं शकत नाहीं. पण त्या वस्तींत इतकीं वर्षें रात्र कोणीं ठेवली, हें विचारल्यावांचून त्या बायांस दोष देण्यास आमचें तोंड उघडत नाहीं. ज्यांच्या हातीं दिवा आहे त्यांनीं तो लावला नाहीं, तर अंधारांत झालेल्या घावांचा कांहीं हिशेब त्यांच्याही नांवावर मांडला जाईल.

आतां गालाच्या वचनाकडे येऊं. तेथें उजव्या गालाचा उल्लेख आहे. उजव्या हातानें समोरच्याच्या उजव्या गालावर मारावयाचें तर पालथ्या हातानेंच मारावें लागतें; ती जीव घेण्याची मार नव्हे, अपमानाची चपराक आहे. अपमान झाला, अंगरखा गेला, तरी सूड उगवूं नको, असें प्रभु सांगतो. दाराशीं कुऱ्हाड घेऊन आलेल्यापुढें लेंकरूं ढकलून द्या असें तो सांगत नाहीं. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणें आम्हांस भाग आहे. आमच्या मंडळ्यांतील बहुतेकांचे आजेपणजे पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर मार खात आले. त्यांस सोसण्याचा उपदेश मारणाराच करीत असे. तेंच आतां व्यासपीठावरून पुन्हा ऐकविलें तर तें शुभवर्तमान कसें? प्रमुख याजकापुढें शिपायानें चपराक मारली तेव्हां प्रभूनें हात उगारला नाहीं, पण गप्पही बसला नाहीं. माझें काय चुकलें तें दाखव, नाहीं तर कां मारतोस, असें त्यानें तोंडावर विचारलें. पौलास ठार मारण्याचा कट झाला, तेव्हां त्याच्या भाच्यानें सरदारास वर्दी दिली आणि पौल दोनशें शिपाई, सत्तर स्वार व दोनशें भालेकरी यांच्या पहाऱ्यांत निघाला. पोलिसांत जाणें हा अविश्वास आहे असें म्हणणाऱ्या बंधूंनीं प्रेषितांच्या कृत्यांचा तेविसावा अध्याय वाचावा.

मग धुरा सोडून द्यावा काय? इसहाकानें गरारच्या खोऱ्यांत दोन विहिरी भांडणामुळें सोडल्या आणि तिसरी खणली, तेव्हां त्यास मोकळी जागा मिळाली. नाबोथानें मात्र वडिलोपार्जित मळा राजासही दिला नाहीं, आणि त्याबद्दल शास्त्रांत त्यास कोठेंच दोष दिलेला नाहीं. इसहाकाजवळ मोठी खिल्लारें होतीं; त्यास पुढें सरकणें जमलें. ज्याच्याजवळ दोनच एकर आहेत त्यानें इसहाक व्हावें असा हुकूम पन्नास एकरवाल्यानें करूं नये. सोडणें हें दान आहे. तें ज्याचें त्यानें करावें. पण जमीन न सोडणें आणि जमिनीसाठीं प्राण घेणें यांत फार मोठें अंतर आहे. त्या अंतरांत मोजणी आहे, तलाठी आहे, तहसीलदार आहे. वहिवाटीचा रस्ता अडविला तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याप्रमाणें सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दावा करितां येतो. धुऱ्यावरून जाण्यायेण्याच्या हक्काचा निवाडा जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखालीं होतो. हद्दीसाठीं भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आहे. तारखा लांबतात, चकरा माराव्या लागतात, गरीब माणूस थकतो, हें आम्हांस ठाऊक आहे. तरी मोजणीच्या खुंट्या पुन्हा ठोकतां येतात. मेलेला माणूस उठवितां येत नाहीं.

परके व दुबळे यांच्या रक्षणाविषयीं दोन शब्द. आगस्तीन यानें इ. स. ४०० च्या सुमारास एका मित्रास लिहिलें कीं केवळ स्वतःचा जीव राखण्यासाठीं खाजगी माणसानें दुसऱ्याचा जीव घ्यावा हें आपणांस रुचत नाहीं. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यानें तें थोडें सैल केलें: हेतु वांचविण्याचा असावा, बळ गरजेपुरतें असावें, मग त्यांत मारणारा मेला तरी पाप नव्हे. आमचें मन असें आहे. आपला जीव देण्यास आपण मुखत्यार आहों. आपल्या मुलीचा जीव देण्यास नाहीं. अपरात्रीं दार फोडून आलेल्यास बापानें घाव घातला व तो मेला, तर आम्ही त्या बापाच्या बाजूस ठाण्यांत बसूं. परंतु मंडळींत त्याचा सत्कार करणार नाहीं, व त्याच्या पराक्रमाची गोष्ट रविवारच्या शाळेंत सांगणार नाहीं. त्यास झोंप लागेल असे दिवस येईपर्यंत त्याच्याबरोबर प्रार्थना करूं.

राहिली बाजेखालची कुऱ्हाड. गेथशेमानेंत तरवार कमरेस होती, म्हणूनच पेत्राच्या हातास ती सांपडली आणि मल्खाचा कान गेला. हात रिकामा असता तर पेत्र कदाचित ओरडलाच असता. आम्हीं पुढल्या भेटींत म्हातारबाबांस सांगितलें कीं कुऱ्हाड गोठ्यांत असूं द्या. रात्रीं दाराशीं दिवा व कुत्रा ठेवा. शेजारच्या दोन घरांस हांकेची खूण सांगून ठेवा. मुलाच्या फोनांत ११२ हा आंकडा लिहून ठेवा. धमकीची तक्रार ठाण्यांत देऊन तिची पोंच घ्या. धुऱ्यावर एकट्यानें जाऊं नका, अंधार पडल्यावर तर मुळींच नको. आणि ज्या दिवशीं तो प्यालेला दिसेल त्या दिवशीं घरीं परत या. ते ऐकून थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "परत आलों तर तो मला भ्याड म्हणेल." आम्हीं म्हटलें, म्हणूं द्या; उजव्या गालाचें वचन आहे तें या शब्दासाठींच.

मोजणीचा अर्ज त्यांनीं दिला आहे. दिवाळीनंतरची तारीख मिळाली. त्या दिवशीं शेजाऱ्यासही बोलवा, व चहा दोघांचा मिळून करा, असें आम्हीं सुचविलें. त्यावर ते हंसले, पण नाहीं म्हणाले नाहींत. खुंट्या ठोकतांना धुऱ्यावर उभें राहण्यास त्यांनीं आम्हांस बोलाविलें आहे, आणि आम्ही जाणार आहों.