रिकाम्या हातांचा प्रवासी

मुंबईच्या लोकलमध्ये मालडबा असतो, याचं आपल्याला काही वाटेनासं झालं आहे. खरं तर वाटायला हवं. ज्या गाडीत माणसाला दोन पावलं टेकवायला जागा मिळत नाही, तिथे ओझ्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे. बाकं भिंतीला लागून मोजकीच, मधली जमीन मोकळी. ससून डॉकवरून मासळी घेऊन निघालेल्या कोळणी, दादरच्या बाजारातून फुलं उचललेले विक्रेते, भाजीच्या जुड्या, कापडाचे तागे, आणि दिवस वर आला की डबेवाल्यांचे लांबट क्रेट.

हा क्रेट चढताना एकदा फलाटावर उभं राहून बघावं. तीस-चाळीस जेवणाचे डबे भरलेला, एकट्याच्या डोक्यावर. गाडी पुरती थांबायच्या आत एक जण आत शिरून वळतो, खालचा मान वाकवून क्रेटचं टोक दारात टेकवतो, आतला खेचतो, तिसरा मागून रेटा देतो. वीस-तीस सेकंदांत तीन-चार क्रेट आत. कुणी कुणाला सूचना देत नाही. 1890च्या सुमारास सुरू झालेल्या या धंद्याचं गणित आणि व्यवस्थापन यांवर पुष्कळ बोललं जातं, पण रुंद दाराचा आणि मोकळ्या जमिनीचा डबा गाडीला नसता तर ते गणित पहिल्याच स्टेशनात कोलमडलं असतं.

मालडब्यामागे एक मान्यता आहे. काही माणसांचा प्रवास ओझ्यासकटच असतो, आणि तरीही ती प्रवासीच असतात. अलीकडे वाहतुकीची जी नवी साधनं येतात, त्यांतून ही मान्यता हळूच वगळली जाते आहे असं मला वाटतं. त्यांच्या आराखड्यात एक प्रवासी गृहीत धरलेला असतो. तो ऑफिसला जातो, पाठीला लॅपटॉपची बॅग असते, दोन्ही हात मोकळे असतात. तिकिटाच्या दारातून तो सहज जातो, सरकत्या जिन्यावर उभा राहतो, त्याच्या अंगाला कसला वास येत नाही. असा प्रवासी आहेच, लाखोंनी आहे. पण सगळं शहर त्याच्या मापाने बेतलं, की पाटीवाली बाई आपोआप अडचण ठरते.

एसटीचं उदाहरण घ्या. 1 जून 1948ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून कित्येक वर्षं एसटी ही माणसांची जितकी, तितकीच मालाची गाडी होती. टपावर कॅरियर, मागे लोखंडी शिडी. वर काय नसे? सायकली, आंब्याच्या पेट्या, तांदळाची पोती, लग्नातलं रुखवत, कोंबड्यांचं खुराडं. गावातल्या आईने पहाटे उठून बांधलेला डबा तालुक्याला शिकणाऱ्या पोराकडे जायचा, तोही एसटीनेच. कापडी पिशवीवर नाव लिहिलेलं, पिशवी ड्रायव्हरच्या केबिनपाशी ठेवलेली, बरोबर माणूस कुणी नाही. पोरगं स्टँडवर येऊन आपली पिशवी ओळखून न्यायचं. किती पिढ्या अशा शिकल्या, याचा हिशेब कुणाच्या वहीत नसेल.

नव्या गाड्यांना बाजूने डिकी असते. स्टँडवरून स्टँडवर जाणाऱ्या, बॅगा घेतलेल्या प्रवाशाला ती सोयीची. फाट्यावर दोन पोती घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी गाडी थांबणार, कंडक्टर खाली उतरणार, डिकी उघडणार, पोती आत सरकवणार, हे रोज कोण करतो? मग पोतं आत येतं, मधल्या वाटेत उभं राहतं, आणि सगळ्यांच्या शिव्या खातं. मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, हे उत्तमच झालं. पण सवलत माणसाच्या भाड्यात आहे, पोत्याचा हिशेब वेगळा.

“मावशी, याचं लगेज लागेल.”

“अवो भाऊ, कोथिंबीर हाय, वजन कुठंय त्यात?”

कंडक्टर पोत्याला पाय लावून बघतो, काहीतरी पुटपुटतो आणि पुढे सरकतो. कधी तिकीट फाडतो, कधी नाही. नियमापेक्षा या पुटपुटण्यावरच बाजार चालतो म्हणायला हरकत नाही.

रेल्वेचा नियम मात्र किलोत बोलतो. लांब पल्ल्याच्या गाडीत साध्या दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला 35 किलो सामान मोफत, स्लीपरला 40, आणि एसीच्या पहिल्या वर्गाला 70. महाग तिकिटाला जास्त सवलत, हा व्यापाराचा हिशेब झाला. माणसांचा हिशेब लावला तर आकडे नेमके उलटे पडतात. पहिल्या वर्गातला माणूस चार दिवसांसाठी निघालेला असतो. त्याचं घर मागे कुलूपबंद, शाबूत असतं. जनरल डब्यातला मजूर घरच बरोबर घेऊन निघालेला असतो. अंथरूण, भांडी, थापी-ओळंबा, आणि झाकणाची प्लॅस्टिकची रंगाची बादली. ही बादली नीट पाहण्यासारखी असते. तिच्यात कपडे, कपड्यांत गुंडाळलेला मोबाइलचा चार्जर, वरून झाकण घट्ट; बसायला जागा नसली की तीच स्टूल, मुक्कामी पोचल्यावर तिच्यातच पाणी. 2025च्या ऑगस्टमध्ये रेल्वे आता विमानासारखं सामान तोलणार अशी आवई उठली, तेव्हा ट्रॉलीबॅगवाले दचकले आणि खुलासे झाले. बादलीवाल्याला वजनकाटा काही नवा नव्हता. त्याला फलाटावर कुणीही, कधीही हटकू शकतो.

सामानाला विरोध करणाऱ्यांची बाजू खोटी आहे असं मात्र नाही. सकाळी साडेआठच्या गाडीत दाराशी कुणी टीव्हीचा खोका धरून उभा राहिला, तर उतरणाऱ्यांचे हाल होतात, एखाद्याचा तोल जाऊ शकतो. वाटेत पोतं असलं की म्हातारी माणसं अडखळतात. मासळीचं पाणी कपड्यावर उडालं तर ऑफिसात दिवसभर तोंड लपवावं लागतं. या तक्रारी खऱ्या आहेत, म्हणून तर मालडबा वेगळा केला. गंमत अशी, की ‘सामानवाल्यांनी आपल्या डब्यात जावं’ म्हणणारेच गर्दीच्या वेळी रिकाम्या हातांनी मालडब्यात घुसतात, आणि क्रेट आला की “अरे, बघून चढव ना” म्हणून ओरडतात.

25 डिसेंबर 2017ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. दारं आपोआप मिटतात, त्यामुळे कुणी लटकत नाही, पडत नाही. लोकलमधून पडून रोज माणसं मरणाऱ्या शहरात ही गोष्ट लहान नाही, त्यामुळे एसी गाड्या वाढाव्यात याच मताचा मी आहे. पण त्या गाडीत मालडबाच नव्हता. साधी लोकल काढून तिच्या वेळेला एसी लोकल लावली, की त्या वेळेची पाटी आणि क्रेट फलाटावर राहतात, आणि वेळापत्रकात त्याची कुठे नोंद होत नाही. मेट्रोचं तर विचारूच नका. सामान ठरावीक मापाचं, ठरावीक वजनाचं, आणि ते तपासणीच्या यंत्रातून जाणारं हवं. भुयारी मेट्रोचं शेवटचं स्टेशन कफ परेडला, मच्छीमारांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथली कोळीण मेट्रोने जाऊ शकते, पाटी मात्र टॅक्सीने पाठवावी लागेल.

मनात आलं तर मार्ग निघतो, हेही दिसतं. पुण्याची मेट्रो 2022 साली सुरू झाली ती सायकल आत न्यायची मुभा देऊनच. सायकल काही लहान वस्तू नाही, पाटीपेक्षा जास्तच अडते. पण सायकलवाला हा नव्या शहराचा लाडका प्रवासी आहे. तसंच मोटारीचं. 2025च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाडहून वेर्ण्यापर्यंत चाकरमान्यांच्या मोटारी रेल्वेवर चढवून न्यायची सोय केली. हीही चांगलीच सोय. आख्खी मोटार गाडीवर चढवायची कल्पना ज्या व्यवस्थेला सुचते, तिला टोपलीसाठी जागा सुचत नसेल यावर विश्वास बसत नाही.

आता मुंबईसाठी 238 नव्या एसी लोकल घेण्याची तयारी चालली आहे, आणि त्यांत विक्रेत्यांसाठी गाडीच्या दोन्ही टोकांना डबे ठेवायचं ठरलं आहे. त्या डब्यांची थंड हवेची नळी इतर डब्यांपासून वेगळी असेल, म्हणजे मासळीचा वास पलीकडे जाणार नाही. मालडबा परत आला याचा आनंद आहे. वासाचा विचार मात्र आधीच झालेला दिसतो. दाराची रुंदी किती, दार किती सेकंद उघडं राहणार, आणि गाडीच्या मध्यावर जिना उतरून आलेल्या बाईने पाटी डोक्यावर घेऊन बारा डब्यांच्या फलाटाचं टोक कसं गाठायचं, हे प्रश्न अजून उभे आहेत. गाड्या बांधून व्हायच्या आहेत, तोवर ते एखाद्या कोळणीला आणि एखाद्या डबेवाल्याला विचारून घेता येतील.