इभ्रतीआडची मुले

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिक-पुणे महामार्गावरील शिंदे गावच्या हद्दीत मेफेड्रोन हे अमली द्रव्य, ज्याला तरुण मुले 'एमडी' म्हणतात ते, तयार करणारा कारखाना सापडला. आणि तो शोधून काढला तो तपासाचा धागा धरीत साकीनाक्याहून येथवर आलेल्या मुंबई पोलिसांनी. कोट्यवधींचा मुद्देमाल जप्त झाला, पंचनामे झाले, पुढे नाशिक शहरात मोर्चाही निघाला. त्या दिवसांत सर्वांचे बोट सरकारकडे होते, आणि ते अकारण नव्हते. परंतु भरवस्तीच्या आसपास असा उद्योग निर्वेधपणे चालतो, त्याला बंदोबस्तातील उणिवेइतकेच शेजारधर्माचे विस्मरणही कारणीभूत असते, ही गोष्ट मला अधिक बोचत राहिली.

कारखान्याला टाळे ठोकता येते. पण याच जिल्ह्यातील मालेगावात 'कुत्ता गोळी' या नावाने जी विकली जाते, ती अल्प्राझोलमसारखी, एरवी रुग्णाला शांत झोप देणारी औषधाची गोळी आहे. शेड्यूल एच-१ मधील हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देऊ नये आणि त्याच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी, असा कायद्याचा दंडक आहे. लहान मुले तर व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्यूशन हुंगतात. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक आहे असा नशेचा हा एकच प्रकार आढळला: प्रौढांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. वह्या-पेन्सिली विकणाऱ्या दुकानावर कोणता अंमलदार पहारा ठेवणार?

म्हणून शाळा, पालक, औषधविक्रेते, तालमी, उत्सवमंडळे, मंदिर-मशिदींचे विश्वस्त आणि पोलीस ठाणे यांनी एकत्र यावे, ही कल्पना सर्वांनाच पटते. समित्या स्थापन होतात, २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, फेरी निघते, शपथा घेतल्या जातात. आणि तरीही काही बदलत नाही, याचे कारण माझ्या मते असे की, या बैठकांना येणारा प्रत्येकजण उपदेश करावयास येतो, स्वतःचे काही सोडावयास कोणीच येत नाही. औषधविक्रेत्याला चिठ्ठीवाचूनची विक्री सोडावी लागते, मंडळाला संशयित हातांतून येणारी भरघोस वर्गणी नाकारावी लागते. हे कठीण असले तरी पैशाचेच नुकसान आहे. खरा जड त्याग इभ्रतीचा. विद्यार्थ्याच्या दप्तरात पुडी सापडली की संस्थेच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून पालकांना बोलावून निमूटपणे दाखला हाती ठेवला जातो. पालकही, बहिणीचे लग्न व्हायचे आहे, भाऊबंदांत बोभाटा होईल, या धास्तीने तो तितक्याच निमूटपणे घेतात. मुलगा दुसऱ्या शाळेत जातो, पुडी देणारा जेथल्या तेथे राहतो, आणि त्याच वर्गातील उरलेल्या मुलांच्या आईबापांना आपल्या दाराशी काय आले आहे याचा सुगावाही लागत नाही. आपण या मौनाला कुलीनता समजतो. मला ती त्या मुलाशी केलेली प्रतारणा वाटते.

असा त्याग महाराष्ट्राने पूर्वी केलेला आहे. १९०८ साली पुण्यात स्वयंसेवक दारूच्या गुत्त्यांपुढे उभे राहिले, तेव्हा काँग्रेसच्या सुरतेतील फुटीला सहा महिनेही लोटले नव्हते. तरी लोकमान्यांनी उचलून धरलेल्या त्या कार्याला मवाळांनी साथ दिली आणि हॅरॉल्ड मान यांच्यासारखा इंग्रज अध्यापकही त्यात सामील झाला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे व्यसनी पुरुषांच्या पत्नींचा 'सहचरी' हा गट उभा राहिला आणि घरात गाडून ठेवलेले दुःख चारजणींत बोलता येऊ लागले. दूरच्या आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्याभरात कधीतरी दारूने झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तेथील पालकांनी आपल्या विश्रांतीच्या संध्याकाळी गटागटाने रस्त्यांवर फिरण्यात घालविल्या, नगरपालिकांनी मुलांच्या खेळ-संगीतासाठी तिजोरी उघडली.

सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत, जेथे आई-वडील दोघेही पाळीवर जातात आणि दुपार एकट्या मुलांच्या हाती राहते, तेथे असा एखादा संघ उभा राहणार असेल, तर त्याने पहिली बैठक फेरीसाठी न घेता त्या दाखल्यासाठी घ्यावी: सापडलेल्या मुलाला शाळेतून न काढता वर्गात कसे ठेवावयाचे, उपचारांचे दिवस हजेरीत कसे धरावयाचे, इतर पालकांना नाव न सांगता वस्तुस्थिती कशी कळवावयाची, आणि त्याच्या घरी त्या संध्याकाळी कोणी जावयाचे.