सोंग घेण्याचा हक्क

महाराष्ट्रातल्या एका पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या इतकी मोठी कशी, हे कुणालाही विचारा. आईबापांना तारीख आठवत नसे, शाळा जूनमध्ये उघडे, मास्तर पोराच्या अंगापिंडाकडे बघून साल ठरवत आणि पुढे १ जून लिहून मोकळे होत. त्यानं फार कुणाचं बिघडलं नाही. निवृत्ती तेवढी मागेपुढे झाली. युरोपात एकट्यानं पोचलेल्या अफगाण मुलाच्या कागदावरही पुष्कळदा अशीच एक ठोकळ तारीख असते, १ जानेवारी. पण तिथं त्या तारखेवर तो कायद्यानं मूल ठरतो की नाही, हे अवलंबून असतं. संशय आला तर कित्येक देशांत मनगटाचा नाहीतर दातांचा एक्स-रे काढतात. २०१५ साली युरोपीय संघात अशा एकट्या मुलांचे आश्रयासाठी नव्वद हजारांच्या आसपास अर्ज आले, त्यांतले निम्म्याहून अधिक अफगाणांचे. अर्जानंतर मुलाखत. कुठून निघालास, कुठल्या वाटेनं, वडिलांना कुणी नेलं, तेव्हा तू कुठं होतास. काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा. दोन जबान्यांत फरक पडला की मूल खोटं बोलतंय अशी नोंद व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे ज्या वयात बाकीची पोरं रोज नवं काहीतरी बनून पाहतात, त्या वयात या मुलाला एकच गोष्ट, एकाच क्रमानं, जपून ठेवावी लागते. तो स्वतःच ती गोष्ट होऊन बसतो.

अशा मुलांना शाळेबरोबर नाटक द्यावं असं म्हणणारे बहुधा एकच कारण देतात: मुलं व्यक्त होतात, मनात साचलेलं बाहेर पडतं. मला हे समर्थन उफराटं वाटतं. या मुलानं सांगायचं ते अधिकाऱ्याला, वकिलाला, दुभाष्याला, डॉक्टरला सांगून झालेलं आहे. नाटकानं त्याला द्यायची ती न सांगण्याची मुभा. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, सोंग. व्यवहारात तो शिवीसारखा वापरतात, पण भारुडात तोच मानाचा होतो. पैठणच्या ब्राह्मणाच्या घरातले एकनाथ भारुडात जोशी झाले, गोंधळी झाले, महार झाले, आंधळे-बहिरे-मुके झाले, आणि त्यांना कुणी खोटारडं म्हटलं नाही. उलट जे स्वतःच्या आवाजात सांगता आलं नसतं ते सोंगाच्या आवाजात सांगता आलं. ‘मी कोण’ या प्रश्नाला दोन प्रकारे भिडता येतं. खणत खणत आत जायचं, किंवा एकामागून एक अनेक ‘मी’ पांघरून पाहायचे आणि ते सगळे उतरवल्यावरही जो उरतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा. आश्रयाचं कार्यालय पहिला प्रकार सक्तीनं करवतं. दुसऱ्याला जागा हवी, आणि रंगमंच ही तशी जागा आहे.

यावरचा सगळ्यात जुना आणि अजूनही जड जाणारा आक्षेप प्लेटोचा. जो माणूस हवं ते रूप घेऊ शकतो तो आपल्या आदर्श नगरात आला, तर त्याचा सन्मान करावा, डोक्याला सुगंधी तेल लावावं आणि दुसऱ्या नगरात पाठवून द्यावं, असं ‘रिपब्लिक’मध्ये सुचवलेलं आहे. बहुरूप्याची सन्मानपूर्वक हद्दपारी! प्लेटोची भीती अशी की, नक्कल करता करता ती अंगी मुरते आणि माणसाला स्वतःचा ठाव राहत नाही. भीती पोकळ नाही. ज्याचा ठाव आधीच सुटलेला आहे त्याला आणखी दहा रूपं कशाला, असं कुणीही विचारील. याला उत्तर मला काश्मीरमध्ये सापडतं, हजारेक वर्षांपूर्वीच्या अभिनवगुप्ताकडे. भट्टनायकाची साधारणीकरणाची कल्पना पुढे नेताना त्यानं ‘शाकुंतला’तल्या पळणाऱ्या हरणाचं उदाहरण घेतलं आहे. मागे शिकारी, मान वळवून पाहणारं हरीण. ते पाहताना प्रेक्षकाला जी भीती जाणवते ती ‘माझी’ नसते, ‘त्याची’ नसते, शत्रूची नसते, मित्राची नसते; स्थळकाळाच्या खुंट्यावरून सुटलेली नुसती भीती असते, म्हणून तिचा आस्वाद घेता येतो. स्वतःची भीती आणि नाटकातली भीती या जातीनंच वेगळ्या. सीमेवरच्या कुंपणाखालून सरपटत गेलेल्या मुलानं नाटकात भुताला घाबरायचं, तेही दहा जणांबरोबर आणि ठरल्या वेळी, आणि तालीम संपली की ती भीती तिथंच ठेवून जेवायला जायचं, यात त्याचा ठाव सुटत नाही. भीती बाजूला ठेवता येते हे तो पहिल्यांदा हातांनी करून पाहतो.

हे नुसतं काव्यशास्त्र नव्हे. आज जगभरच्या नाट्यशिबिरांत घेतले जाणारे पुष्कळसे खेळ ज्या व्हायोला स्पोलिननं घडवले, तिनं ते कामाला लावले १९३०च्या दशकाअखेरीस शिकागोत, स्थलांतरितांच्या मुलांमध्ये, जिथं एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. आरशाचा खेळ घ्या. आपल्याकडच्या बालनाट्य शिबिरातही तो असतो. दोघं समोरासमोर उभे राहतात. एक हात हलवतो, दुसरा आरशासारखा तसाच हलवतो. मग अदलाबदल. मग सूचना येते की आता कुणीच पुढारी नाही, दोघांनी एकमेकांच्या मागून जायचं. पहिल्यांदा हसू फुटतं, मग दोघंही गप्प होतात, हात संथ होतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला कोण कुणाचं अनुकरण करतोय ते सांगता येत नाही. ‘सामावून घेणं’ म्हणजे काय, यावरच्या सरकारी अहवालांत मला इतकी नेटकी व्याख्या आढळत नाही. अहवालांत एकजण नेहमी आरसा असतो आणि दुसरा माणूस.

परिणामांचा पुरावा मात्र जपून वाचावा. माँट्रिअलमध्ये सेसिल रूसो आणि सहकाऱ्यांनी शाळांतल्या स्थलांतरित व निर्वासित किशोरांसाठी नऊ आठवड्यांचा नाट्य-उपक्रम केला. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. मुलांचा आत्मसन्मान वाढल्याचं दिसलं नाही. त्रासाची लक्षणंही कमी झाली नाहीत. पण त्या लक्षणांमुळे रोजच्या जगण्यात येणारा अडथळा कमी झाल्याचं मुलांनी सांगितलं, आणि गणितातली कामगिरी सुधारली. नाटकाच्या भक्तांना हा निकाल थोडा रुक्ष वाटेल. मला तो पटतो. दुःख गेलं नाही, पण दुःखाच्या शेजारी बसून गणित सोडवता येऊ लागलं.

पण आधी छप्पर, कागद, वकील. नाटक कसलं घेऊन बसलात? हा आक्षेप ऐकताना वॉर्सा डोळ्यांसमोर येतं. १८ जुलै १९४२ रोजी ज्यूंच्या कोंडवाड्यातल्या आपल्या अनाथालयात यानुश कोर्चाकनं मुलांकडून रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ करून घेतलं. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल. तीन आठवड्यांच्या आत ती जवळपास दोनशे मुलं आणि स्वतः कोर्चाक ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत होते. नाटकानं कुणाला वाचवलं नाही. त्यामुळे कागदाऐवजी नाटक असं कुणी सांगू लागलं तर त्याच्यापासून सावधच राहावं. पण कागद आणि नाटक यांना एकमेकांसमोर उभं करणंही चूक आहे. १९८९च्या बालहक्क संहितेत निर्वासित मुलाच्या संरक्षणाचं कलम आहे, तसंच खेळाचं आणि कलेत सहभागाचंही, आणि दुसरं पहिल्याचं काम पुरं झाल्यावरच लागू होतं असं तिथं लिहिलेलं नाही. मरण दाराशी असतानाही मूल हे मूलच आहे, एवढं त्या अनाथालयानं मान्य केलं होतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: यजमानांच्या भाषेतलं नाटक म्हणजे गोड वेष्टनातलं धर्मांतर. याला आपल्या घरचा दाखला आहे. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले, कित्येक अनाथ. तिथं शाळा पोलिश, चर्च पोलिश, नाटकंही पोलिश. कुणी त्यांना मराठी करायला निघालं नाही, आणि तरी म्हातारपणी ही माणसं कोल्हापूर बघायला परत येत राहिली. मुळं शाबूत असली की परकी मातीही लळा लावते, हे खरं. पण दाखला पुरता लागू होत नाही, कारण ती परत जाणार असंच सगळे धरून चालले होते, आणि पाच हजारांचा गाव बरोबर असणं वेगळं, मिलानच्या वसतिगृहात एकटं असणं वेगळं. म्हणून अट एवढीच घालावी की नाटकात यजमानांची मुलंही असावीत, आणि अफगाण मुलाला दर वेळी निर्वासिताचंच काम देऊ नये. त्याला सावकार करा, फौजदार करा, खविस करा. त्याचं दुःख मंचावर मांडून टाळ्या घेणं हीसुद्धा एक मुलाखतच आहे, फक्त प्रकाशयोजनेसह.

२०२१ साली साडेतीन मीटर उंचीची बाहुली, नऊ वर्षांची एकटी सीरियन मुलगी म्हणून, तुर्कस्तानातल्या गाझिअनतेपहून मँचेस्टरपर्यंत आठ हजार किलोमीटर चालत गेली. तिचंही नाव अमल. अरबीत त्याचा अर्थ आशा. ग्रीसमध्ये लारिसात तिच्यावर दगड पडले, इतरत्र शाळकरी पोरांनी तिचा हात धरला. एवढ्या सीमा तिनं ओलांडल्या, पण तिचं वय कुणी तपासलं नाही. ज्यांच्यासाठी ती चालली त्यांच्या कागदावर १ जानेवारी आहे, आणि अठरावी १ जानेवारी उजाडली की त्या सकाळी कायद्यानं नेमलेला पालक संपतो आणि बऱ्याच ठिकाणी वसतिगृहातली खाटही जाते. त्या आठवड्यात नाटकाची तालीम असेल, तर तिथं मात्र त्याचं काम त्याच्याकडेच असतं.