पट एक

वाशीम जिल्ह्यातलं गणेशपूर म्हणजे जेमतेम दीडशे वस्तीचं गाव. २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या जिल्हा परिषद शाळेचं नाव देशभर झालं, कारण शाळेचा पट होता एक. तिसरीतला एक मुलगा आणि रोज १२ किलोमीटरवरून येऊन त्याला सगळे विषय शिकवणारे गुरुजी. सकाळचं राष्ट्रगीतही दोघांनीच म्हणायचं. पोषण आहार मात्र चुकत नव्हता.

बातमी वाचून कुणाचे डोळे पाणावले, कुणी लगेच हिशेब मांडला. एका पोरासाठी एवढा पगार, एवढी इमारत? प्रश्न दिसतो खर्चाचा, पण आहे धर्माचा. एका जिवाचं मोल, त्याच्यासारखे आणखी किती आहेत यावरून ठरतं का?

पैठणच्या एकनाथांची एक कथा सांगतात. भर दुपार, गोदावरीचं वाळवंट तापलेलं, आणि आईपासून चुकलेलं एक मूल चटक्यांनी कळवळून रडतंय. अस्पृश्य मानलेल्या घरचं. नाथांनी त्याला कडेवर घेतलं, त्याचे डोळे पुसले आणि घरी नेऊन सोडलं. रामेश्वरासाठी कावडीत आणलेलं गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजणारेही तेच नाथ. वारकऱ्यांनी या कथा भूतदयेच्या म्हणून जपल्या. पण दोन्हींत समोर एकच जीव आहे, आणि तो एकच आहे म्हणून नाथ थबकत नाहीत.

गांधीजींनी १९०८ मध्ये इंग्रज लेखक रस्किनच्या एका पुस्तकाचं गुजरातीत सार दिलं आणि त्याला नाव दिलं ‘सर्वोदय’. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त हित त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. त्यात उरलेल्या थोड्यांचा बळी जातो.

तरी दुसरी बाजू खोटी नाही. एकटं मूल लंगडी कुणाशी खेळणार? कुणाचं बघून पाढे म्हणणार, कुणाशी भांडून पुन्हा गट्टी करणार? महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा काढण्याचा विचार २०२३ मध्येच पुढे आला, पानशेतच्या समूहशाळेचा दाखलाही दिला गेला. मुलाला सवंगडी मिळावेत म्हणून शाळा हलत असेल तर तो धर्मच आहे. पगार वाचावा म्हणून हलत असेल तर नाही. बाहेरून दोन्ही निर्णय सारखेच दिसतात. फरक कळतो तो रस्त्यावर.

राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. त्याहून लांब जायचं तर गाडी आली. जूनमध्ये ती येतेही. ऑगस्टमध्ये ओढा भरतो, गाडी अलीकडेच थांबते, आणि सात वर्षांची मुलगी दप्तर घेऊन पलीकडे उभी राहते. आधी एक दिवस बुडतो, मग आठवडा. नाव मोठ्या शाळेच्या पटावर असतंच. तिच्यासाठी भांडायला त्या वस्तीतून जिल्ह्याच्या गावाला जायचं, तर एक दिवसाची मजुरी जाते.