जुलूस पुढे ढकलताना

सण कोणत्या दिवशी साजरा करायचा, हा प्रश्न वरवर पाहता चंद्रदर्शनाचा आणि पंचांगाचा आहे. त्यात नैतिक असे काय आहे, असे कुणीही विचारील. परंतु गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या मोहल्ल्यांमध्ये ईद-ए-मिलादच्या जुलूसच्या आखणीसाठी ज्या बैठका झाल्या, त्यांत बसलेल्या माणसांना तो इतका सोपा वाटला नाही. 2023 साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. मुंबईत खिलाफत कमिटीच्या पुढाकाराने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरले आणि शासनाने 29 ची सुट्टी जाहीर केली. 2024 मध्ये ईद 16 सप्टेंबरला, विसर्जन 17 ला. मुंबईचा जुलूस 18 ला निघाला. 2025 मध्ये ईद 5 सप्टेंबरला, विसर्जन 6 ला. जुलूस 8 ला. लागोपाठ तीन वर्षे. लहानमोठ्या अनेक गावांनीही हाच मार्ग धरला.

हे असे का घडते, ते आधी समजून घेतले पाहिजे, कारण यात कुणाचा तरी डाव आहे असे समजणारे भाबडे लोक दोन्ही बाजूंना आहेत. हिजरी महिना आणि मराठी महिना, दोघेही चंद्रावर चालतात. अमावास्या सरली, चंद्रकोर दिसली की आपला महिना सुरू. त्यामुळे रबीउल अव्वलची बारा तारीख भाद्रपदात आली, तर ती चतुर्दशीच्या आसपासच येणार. फरक इतकाच, की हिंदू पंचांग दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ घालते आणि आपण घालत नाही. 2018 ते 2020 मोहर्रम गणेशोत्सवाबरोबर आला होता. 2023 च्या अधिक श्रावणानंतर रबीउल अव्वल आला. 2026 च्या अधिक ज्येष्ठाने ही जोडी महिन्याने सुटते. पुन्हा असा योग साधारण तेहतीस वर्षांनी, म्हणजे एका माणसाच्या कर्त्या वयात एकदा, फार तर दोनदा. तारखा आकाशात ठरतात. त्यांचे काय करायचे, ते मात्र मशिदीच्या सहनात सतरंजीवर बसून ठरवावे लागते.

या बैठकांत आम्ही बसलो आहोत. वर्गणीची पावतीपुस्तके, ट्रॅक्टर-ट्रॉली, सबिलीसाठी बर्फ आणि शरबत, नियाजचे डेग, स्वयंसेवकांचे बिल्ले, नात पढणाऱ्या मुलांची यादी, पोलीस ठाण्याचा परवाना. एरवी चर्चा एवढ्यावरच संपते. तारखेचा विषय निघाला की सूर बदलतो. बुजुर्ग म्हणतात, हा ईसार आहे. शेजाऱ्याला आधी वाट द्यावी, ही आपली तालीम आहे. तरुण म्हणतात, चाचा, ईसार नव्हे, ही मजबुरी आहे. शांतता समितीच्या बैठकीत अधिकारी याच गोष्टीला सहकार्य म्हणतात आणि शाल-श्रीफळ देतात. कृती एकच, नावे तीन. यांतले खरे नाव कोणते?

आमच्या मते दिलेली गोष्ट दान आहे की खंडणी, हे ती न देण्याची मुभा होती की नाही यावर ठरते. सूरे हश्रमध्ये मदिनेच्या अन्सारांची जी तारीफ आली आहे, ती स्वतः तंगीत असूनही त्यांनी मुहाजिरांना आपल्यापेक्षा वर मानले म्हणून. त्यांच्या दारात कुणी दंडुका घेऊन उभे नव्हते. आपल्या बैठकीत मात्र भिंतीला टेकून एक न बोललेली गोष्ट बसलेली असते: काही घडले तर पहिली नावे कुणाची लिहिली जातील? मिरवणुकीचा इतिहास या राज्यात फार निष्पाप नाही. भिवंडीत 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून जे पेटले, ते जुन्या माणसांच्या अजून लक्षात आहे. तेव्हा भीती अजिबात नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण भीती आहे म्हणून चांगुलपणा नाहीच, असे म्हणणेही तितकेच खोटे. माणसाच्या नियतीत दोन्ही एकत्र नांदतात. ज्या बुजुर्गाने शेजारच्या गणपतीला आयुष्यभर हार नेला, त्याच्या ईसारला मजबुरी म्हणण्याचा अधिकार तरुणांना कुणी दिला? आणि ज्या तरुणाने शेजारपणापेक्षा संशयच जास्त पाहिला, त्याच्या मजबुरीला ईसार म्हणून थोपटण्याचा अधिकार बुजुर्गांना तरी कुठे आहे?

धर्माच्या अंगाने अडचण फारशी नाही. जुलूस फर्ज नाही. मिलाद साजरा करावा की नाही, यावरच आपल्यात मसलकांचे वाद आहेत आणि ते या लेखात सुटणार नाहीत. 29 जून 2023 ला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकत्र आल्या, तेव्हा पंढरपूरसह अनेक ठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. कुर्बानीला शरियतने तीन दिवस दिले आहेत. नमाज वेळेवर झाली, कुर्बानी दुसऱ्या दिवशी झाली. इबादतीत कुठे कमी आले?

अडचण वेगळीच आहे, आणि ती हुदैबियाच्या प्रसंगाकडे पाहिले की स्पष्ट होते. सहा हिजरीत पैगंबर (स.) सुमारे चौदाशे साथीदारांसह उमराहसाठी निघाले. मक्का समोर असताना, यंदा परत जा, पुढच्या वर्षी या, या अटीवर ते परतले. हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्यांनाही ते झोंबले, आपण सत्यावर असताना ही माघार का, असे त्यांनी तोंडावर विचारले. हा प्रश्न विचारल्याबद्दल त्यांना कुणी बेवफा ठरवले नाही. आपल्याकडे असा प्रश्न करणाऱ्या पोराला ‘माहौल बिघडवू नकोस’ म्हणून खाली बसवतात. दुसरे म्हणजे हुदैबियाला दोन पक्ष होते आणि करार लिहून झाला. पुढच्या वर्षी तीन दिवस मक्का मोकळी मिळेल, हे दुसऱ्या बाजूने कबूल केले होते. आपले पुढे ढकलणे बहुधा एकतर्फी असते. शेजारच्या मंडळाच्या पोरांना आपण काही दिले, हे त्यांना माहीतही नसते. त्यांना कुणी सांगितलेलेच नाही.

म्हणून त्यांनीही एकदा विसर्जन पुढे ढकलावे, असे आम्ही म्हणणार नाही. ईसारमध्ये हिशेब बसत नाही. विसर्जनाची तिथी त्यांच्या श्रद्धेत घट्ट बांधलेली आहे, आपला जुलूस तसा नाही. ज्याची गाठ सैल आहे त्याने ती सोडावी, हा शहाणपणा आहे. कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतात, वाळव्याच्या गोटखिंडीतही बसतो. तिथे कोण कुणावर उपकार करतो, हे विचारायला गेलो तर लोक हसतील. 1893 पूर्वी पुण्यातल्या ताबुतांत हिंदू मोठ्या संख्येने असत, तेव्हाही तो हिशेब कुणी मांडला नसावा.

मात्र शेजारी वेगळा आणि सरकार वेगळे. शेजाऱ्याला ईसार द्यावा. सरकारकडे अदल मागावा. गल्लत इथे होते. शेजाऱ्यासाठी सोडलेली गोष्ट सरकारी कागदावर ‘प्रथा’ होऊन बसते आणि पुढच्या वर्षी विनंतीची सूचना झालेली असते. तीन वर्षे आपखुशीने दिलेली तारीख चौथ्या वर्षी कुणी आपल्याला विचारल्याशिवाय ठरवू लागले, तर पहिल्या तीन वर्षांचा ईसारही मागे जाऊन नासतो. त्या वेळी ‘नाही’ म्हणण्यात उद्धटपणा नाही. ते म्हणता येते एवढे कळले, तरच ‘हो’ला किंमत राहते.

अदल मागणाऱ्याने तो स्वतःलाही लावावा, हे ओघाने आलेच. डीजेच्या भिंती आणि लेझरचे झोत विसर्जनात त्रासाचे असतील, तर जुलूसमध्येही त्रासाचेच. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही याच अर्थाचे म्हटले. नातला ठेका लावून दवाखान्यासमोर ट्रॅक्टर थांबवणाऱ्यांना कोणाचा जन्मदिन आहे, याची आठवण करून द्यावी लागते, ही शरमेची गोष्ट आहे.

हुदैबियाचा आणखी एक तपशील आपल्या कमिट्यांत कधी सांगितला जात नाही. करारानंतर कुर्बानी करा, केस उतरवा, असे सांगूनही खिन्न साथीदार उठेनात. तेव्हा उम्मे सलमा (रजि.) यांनी सल्ला दिला: कुणाशी न बोलता आपण स्वतः आधी करा. पैगंबरांनी (स.) तसे केले आणि सारे उठले. समूहाची कोंडी एका स्त्रीच्या मसलतीने फुटली. आमच्या पाहण्यातल्या एकाही जुलूस कमिटीत बाई नाही. नियाजचा तांदूळ निवडायला आहेत, सबिलीचे पेले धुवायला आहेत. गर्दीत पोरगा हरवला, दगड पडला, धरपकड झाली, तर रात्र जागून काढणाऱ्याही त्याच आहेत. तारीख ठरवताना त्यांचे मत घेतले असते, तर ईसार की मजबुरी हा वाद कदाचित वेगळ्याच शब्दांत झाला असता.

जोडी सुटल्यावर दोन्ही सण आपापल्या महिन्यांत जातील आणि हा विषय बासनात बांधला जाईल. त्यापूर्वी प्रत्येक कमिटीने आपल्या नोंदवहीत या तीन वर्षांचे लिहून ठेवावे, असे आम्हांला वाटते: तारीख कुणी सुचवली, कुणी विरोध केला, विरोध करणाऱ्याचे म्हणणे काय होते, शेजारच्या मंडळाला कळवले की नाही, त्यांनी काय उत्तर दिले. तेहतीस वर्षांनी ज्यांना ती वही उघडावी लागेल, ते आज बिल्ले लावून सबिलीवर उभे आहेत.