जाणकारांतलं नाव

सिल्वासातल्या मसाट किंवा आमलीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला यंत्र अडलं की सुपरवायझरला आधी एखाद्या फिटरचं नाव आठवतं. हा फिटर कधी बिहारहून आलेला असतो, कधी धुळ्याहून, कधी नरोलीतलाच. वर्तमानपत्रात त्याचं नाव येत नाही. पण आसपासच्या कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागांत ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ते देणारे लोक यंत्र कशाने अडतं हे स्वतः जाणणारे असतात. विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धांमध्ये जे नाव होतं ते मला याच जातीचं वाटतं. बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नसतो आणि आतल्या कोणालाही ते फुकट मिळत नाही.

अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी शाळकरी मुलांची तिची पहिली रोबोट स्पर्धा झाली. या स्पर्धेत नाव असण्याला अगदी रोकडी किंमत आहे. सामना आता तीन संघ विरुद्ध तीन संघ असा होतो आणि प्राथमिक फेरीत जोडीदार कोण हे नशिबावर असतं. पुढे मात्र आघाडीचे आठ संघ मैदानात उभे राहून आपले जोडीदार स्वतः निवडतात. ही निवड डोळे मिटून होत नाही. प्रत्येक संघाची काही मुलं प्रेक्षकांत बसून प्रत्येक सामन्यात प्रत्येक रोबोटची नोंद करत असतात: किती वेळा अडकला, किती चेंडू नेमके टाकले, चालवणारा गोंधळला का. रात्री त्या वह्या जुळवल्या जातात. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीचं नाव इथे होतं ते अनोळखी मुलांनी तिचं काम दहा-बारा वेळा बारकाईने पाहिल्यावर. एवढी कसून तपासलेली कीर्ती मोठ्या माणसांच्या जगातही फार थोड्यांच्या वाट्याला येते.

आपल्याकडे हा अनुभव पुण्याच्या बालेवाडीने अनेक वर्षं घेतला. आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन ही रोबोट स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. तिच्यासाठी भारताचा संघ निवडणारी दूरदर्शनची स्पर्धा दीर्घकाळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरत असे. आंतरराष्ट्रीय रोबोकॉनही दोनदा पुण्यात झाली. २००८ मध्ये विषय होता 'गोविंदा', म्हणजे आपली दहीहंडी. २०१४ मध्ये मोठा रोबोट लहान रोबोटला बागेतल्या सी-सॉवर आणि झोक्यावर खेळवत होता. २०२२ मध्ये यजमानपद दिल्लीकडे होतं आणि खेळ होता लगोरी. आपल्या गल्लीतले खेळ साऱ्या आशियातल्या मुलांनी मोटारी आणि सिलिंडर जोडून सोडवले, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण रोबोकॉनच्या कोणत्याही महाविद्यालयीन संघाकडे पाहा, एक गोष्ट लगेच जाणवते. इथली अख्खी वस्ती दर चार वर्षांनी बदलते. तिसऱ्या वर्षात ज्या सीनिअरचं नाव साऱ्या वर्कशॉपमध्ये घेतलं जातं, तो पाचव्या वर्षी बंगळुरूला नोकरीत असतो आणि नव्या मुलांनी त्याला पाहिलेलंही नसतं. मागे उरतं ते त्याने काढलेलं ड्रॉइंग, नीट टिपणं लिहिलेला प्रोग्रॅम, आणि त्याच्याकडून वेल्डिंग शिकलेली एखादी ज्युनिअर. ज्याने यातलं काही मागे ठेवलं नाही, त्याच्या नावाबरोबर त्याचं ज्ञानही जातं, आणि पुढची बॅच तोच गिअरबॉक्स पुन्हा पहिल्यापासून तोडून शिकते. यात वर्ष वाया जातं, पालकांचा पैसा वाया जातो, आणि एखादं हुशार पोर हताश होऊन संघ सोडतं.

दुसरा धोका याहून वाईट. एकाचं नाव फार झालं की बाकीच्यांचे प्रश्न बंद होतात. 'दादाला माहीत आहे' हे वाक्य वर्कशॉपमध्ये वारंवार ऐकू यायला लागलं की समजावं, संघाचं शिकणं थांबलं. पहिल्या वर्षाची मुलगी चुकीच्या जागी लावलेला लिमिट स्विच पाहते आणि गप्प बसते, कारण तो नावाजलेल्या माणसाने लावलेला असतो. रोबोट मग ऐन सामन्यात अडतो.

ज्या समाजांनी याचा विचार केला, त्यांनी मानाचं माप बदललं. 'फर्स्ट'मध्ये सर्वोच्च सन्मान स्पर्धा जिंकणाऱ्या रोबोटला मिळत नाही; ज्या संघाने हे शिक्षण आपल्या आसपास सर्वांत जास्त पोचवलं त्याला मिळतो. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स हे त्या जगातलं सर्वांत लाडकं नाव होतं. चुरशीची स्पर्धा करतानाही समोरच्याशी सौजन्याने वागायचं आणि त्याचा रोबोट बंद पडला तर आपला स्पेअर पार्ट द्यायचा, हा तिथला रिवाज त्यांच्या शिकवणीतून आला. त्यांच्या नावाचा मार्गदर्शकांसाठीचा पुरस्कार १९९६ पासून दिला जातो आणि त्यासाठी नाव सुचवतात ते विद्यार्थी, स्वतः लिहून. कॅलिफोर्नियातला २५४ क्रमांकाचा संघ जगभर दबदबा असलेला. तो आपला प्रोग्रॅम आणि रोबोटची तांत्रिक वही सर्वांसाठी खुली करतो. त्यातून शिकून उद्या कोणी त्यालाच हरवू शकतं. मला हे खऱ्या आत्मविश्वासाचं लक्षण वाटतं.

नाव खर्च करायचं असतं, हे सिल्वासाला कोणी नव्याने सांगायला नको. १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तिसंग्रामासाठी पैसा हवा होता तेव्हा सुधीर फडके स्वतः त्यात उतरले होते आणि लता मंगेशकरांनी निधीसाठी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. त्या नावांचा उपयोग ज्यांची नावं आज फारसं कोणी घेत नाही अशा तरुणांना झाला, आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं.

आज या गावात पॉलिएस्टर सुताचे आणि प्लास्टिकचे कारखाने ओळीने उभे आहेत. न्यूमॅटिक सिलिंडर, सेन्सर, पीएलसी, सर्व्हो मोटर या वस्तू मोठ्या शहरांतली मुलं जपून, पैसे जमवून विकत घेतात. इथे त्या हाताळणारी माणसं शाळेच्या कुंपणापलीकडे राहतात. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. म्हणजे साधनांची वाट निघाली आहे. तरी खानवेल-दुधनीकडच्या वारली किंवा कोकणा मुलाला रोबोकॉन लांबच राहते, कारण तिथे काय चालतं हे त्याच्या भाषेत सांगणारं कोणी त्याच्यापर्यंत आलेलं नाही. इथे मराठी, गुजराती आणि हिंदी माध्यमांच्या शाळा आहेत. संघांच्या तांत्रिक वह्या मात्र इंग्रजीतच असतात. ज्यांनी रोबोकॉनमध्ये नाव कमावलं, त्यांनी आपली एक तरी वही मराठीत लिहावी. ते अवघड नाही. वर्कशॉपमध्ये ते बोलतात याच भाषेत.

आणि सिल्वासाच्या कारखानदारांना माझी विनंती आहे. तुमच्या मेंटेनन्स विभागात ज्याच्या हाताला सगळे मानतात, त्या माणसाला महिन्यातला एक शनिवार भरपगारी मोकळा द्या आणि जवळच्या सरकारी शाळेत पाठवा. मुलांनी त्याला नावाने ओळखावं, आणि त्याने त्यांना.