थोडे सरकून घ्या

मालकी म्हणजे काय, या प्रश्नावर शहाण्या माणसांनी दोन हजारांहून अधिक वर्षे काथ्याकूट केला आहे. कोणी म्हणतो, ज्याने श्रम केले त्याची वस्तू. कोणी म्हणतो, राजाने दिली त्याची. कोणी म्हणतो, आधी पोचला त्याची. बडनेऱ्याच्या फलाटावर मात्र हा प्रश्न रोज सकाळी एका हातरुमालाने सुटतो. गाडी पुरती थांबण्याच्या आत खिडकीच्या गजांतून एक रुमाल आत जातो, बाकावर पडतो, आणि तेवढ्याने ती जागा कोणाची तरी होते. रुमाल मळका असो की धुतलेला, त्याचा अधिकार सारखाच. रुमाल नसेल तर वर्तमानपत्र, वर्तमानपत्र नसेल तर जेवणाचा डबा. सातबाऱ्यावरच्या नावासाठी भाऊबंद कोर्टात पिढ्या घालवतात. येथे वस्त्राचा वीतभर तुकडा निर्विवाद हक्क सांगतो.

या रुमालाविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवसांपासून मनात आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु मोठ्या प्रसंगी माणूस सावध असतो; आपल्याकडे कोणी पाहत आहे याची त्याला जाणीव असते. रोजच्या बाकावर तो बेसावध असतो, आणि म्हणूनच त्याची खरी नीती तेथे दिसते.

'अपडाऊन' हा शब्द आमच्या वऱ्हाडात आता मराठीच समजला पाहिजे. अमरावतीस घर आणि अकोल्यास नोकरी, किंवा अकोल्यास घर आणि अमरावतीस नोकरी, अशी शेकडो कुटुंबे आहेत. शिक्षक, बँकेतले कारकून, एका टोकाला अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले, दुसऱ्या टोकाला अमरावतीच्या विद्यापीठातले असे नाना तऱ्हेचे लोक मासिक पास काढतात आणि ऐंशीएक किलोमीटरांचे अंतर रोज दोनदा कापतात. अमरावतीकराला त्याआधी बडनेरा गाठावे लागते ते निराळेच. कारण १८६७ साली नागपूरपर्यंत पोचलेला लोहमार्ग अमरावती शहर बाजूला ठेवून बडनेऱ्यावरून गेला, आणि अमरावतीच्या वाट्याला मागाहून फाटा आला. हा मार्ग मुख्यतः कापसासाठी आला, हे विसरू नये. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे मोल साहेबाला नव्याने कळले. गाठीला पावती होती, वजन होते, वाघिणीत जागा होती. माणसाने आपली जागा आपण शोधायची, ही रीत तेव्हापासूनची असावी.

अपडाऊनवाल्यांची मंडळी ही एक पाहण्यासारखी संस्था आहे. बारा-बारा, पंधरा-पंधरा वर्षे ही माणसे एकाच डब्यात, एकाच खिडकीजवळ बसतात. मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते खेळतात. एकाच्या मुलीच्या लग्नात सारी वाढपी होतात. एकजण आजारी पडला की त्याच्या रजेचा अर्ज दुसरा साहेबापुढे ठेवतो, औषधे तिसरा घेऊन येतो. बदली झालेल्याला निरोप देताना डब्यातच पेढे वाटले जातात आणि डोळे पुसले जातात. तेव्हा रुमाल टाकणारा हात लोभी असतो असे समजू नये. पुढच्या स्टेशनावर चढणाऱ्या मित्रासाठी जागा राखायची, कारण काल त्याने माझ्यासाठी राखली होती. रुमालामागे लोभ नाही, स्नेह आहे. आणि खरी पंचाईत तेथेच आहे.

मागे एकदा अशाच एका पॅसेंजरने मी अकोल्यास चाललो होतो आणि दाराशी उभा होतो. कुरूम गेले, माना गेले, मूर्तिजापूर आले. एके काळी येथे अचलपूरकडून आणि यवतमाळकडून येणारी 'शकुंतला' मोठ्या गाडीला मिळत असे; ती आता बंद आहे, पण त्या गावांकडची माणसे दवाखान्याच्या नि कचेरीच्या कामाने अकोल्यास जायचीच. एक म्हातारी सात-आठ वर्षांच्या नातवाला घेऊन चढली. डोक्यावर बोचके, मुलाच्या हाताला पांढरी पट्टी. पत्ते खेळणाऱ्या मंडळींच्या बाकावर एक रुमाल पसरलेला होता.

"बापू, मले नाई, पन या लेकराले बसू द्या न जी," ती म्हणाली.

"माय, तिथं मानूस येनार हाये," एकाने पत्त्यांवरची नजर न काढता सांगितले. बोलण्यात उर्मटपणा नव्हता. वस्तुस्थिती सांगावी तसे सांगितले.

म्हातारी क्षणभर त्या रुमालाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "येनार हाये थो मानूस, मंग हे उभे हाये थे कोन हाये?"

डब्यात हशा पिकला. ज्याने उत्तर दिले होते तोही हसला आणि थोडा ओशाळला. रुमाल उचलला गेला, मंडळी जराजरा सरकली, आणि चौघांच्या बाकावर पाचवी म्हातारी व तिच्या मांडीवर सहावा नातू असे बसले. पुढच्या स्टेशनावर तो मित्र चढला. तो दोन बाकांच्या मध्ये उभा राहून पत्ते खेळला. प्रसंग एवढाच. त्या म्हातारीने मात्र सहज बोलता बोलता एका जुन्या वादात आपले मत नोंदवून ठेवले होते.

वाद खरोखरच जुना आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या सिसेरो या रोमन लेखकाने स्टोइक पंथाचा ग्रीक तत्त्वज्ञ क्रिसिपस याची एक उपमा नोंदवून ठेवली आहे. नाट्यगृह सर्वांचे असते. तरीही ज्याने जी जागा घेतली ती त्याची म्हणणे रास्त ठरते. जगही तसेच. ही उपमा रुमालवाल्यांच्या बाजूची आहे. पुढे चौथ्या शतकात बेसिल नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने तीच उपमा उचलली आणि उलटी फिरवली. सर्वांसाठी उघडलेल्या नाट्यगृहात आधी शिरून मागून येणाऱ्यांना अडवणाऱ्या माणसासारखे हे धनवान आहेत, असे तो म्हणाला. जागा तीच, बसणारा तोच. एकाला त्यात हक्क दिसला, दुसऱ्याला अडवणूक. मला वाटते, दोघांचेही खरे आहे, आणि त्यांच्यामधली सीमारेषा म्हातारीने दाखवली. मी बसलो आहे तेथवर क्रिसिपस खरा. माझ्या गैरहजेरीत माझा रुमाल बसला, की बेसिल खरा.

पण मी बसलेलो असताना समोर थकलेला माणूस उभा राहिला तर? येथे रुमालाचा प्रश्न संपतो आणि खरा नीतीचा प्रश्न सुरू होतो. त्याचा विचार करताना मला जपानी लोकांनी केलेला एक प्रयोग फार उद्बोधक वाटतो. त्यांच्या नगरांतली गर्दी जगप्रसिद्ध आहे. तोक्योच्या शिंजुकू स्टेशनावर उतारूंना डब्यात लोटण्यासाठी माणसे नेमण्याची पद्धत १९५५ साली सुरू झाली. त्याच तोक्योत १५ सप्टेंबर १९७३ रोजी, तिकडच्या ज्येष्ठांच्या सन्मानदिनी, तेथल्या सरकारी रेल्वेने चुओ मार्गावर म्हाताऱ्या-अपंगांसाठी काही आसने वेगळी काढली आणि त्यांना रुपेरी कापड चढवले. ही रीत देशभर पसरली. पुढे ओसाका, क्योतो आणि कोबे या तीन शहरांना जोडणाऱ्या हांक्यू नावाच्या खाजगी रेल्वेच्या चालकांना निराळा विचार सुचला. ठरावीक आसनांवरच का पाटी लावायची? मग बाकीच्या आसनांवरील माणसाने उठू नये, असे का समजायचे? १९९९ साली त्यांनी ती वेगळी आसने रद्द केली आणि जाहीर केले, की आमच्या गाडीतले प्रत्येक आसन गरजूंसाठीच आहे. ज्याने त्याने आपल्या मनाने उठावे.

विचार किती उदात्त! धर्म पाटीवर नको, मनात हवा, असेच आपले संतही सांगत आले. पण परिणाम उलटा झाला. कोणी उठत नाही, अशा तक्रारी म्हाताऱ्या माणसांकडून येऊ लागल्या, आणि २००७ साली हांक्यूने पाटीची आसने पुन्हा आणली. सर्व आसने सर्वांची झाल्यावर उठण्याची पाळी नेमकी कोणाची, हे कोणालाच कळेना.

ही हकिकत ऐकून कोणी म्हणेल, पाहा, माणूस मुळात स्वार्थी. त्याला पाटीच हवी, दंडच हवा. मला तसे वाटत नाही. आपण या गोष्टीकडे नेहमी बसलेल्याच्या बाजूने पाहतो, असे माझे म्हणणे आहे. तो मनापासून उठला की नियमाने उठला, त्याला पुण्य लागले की नाही, त्याचे चित्त शुद्ध झाले की नाही, याचीच आपल्याला काळजी. देणाऱ्याच्या मनाचा आपण फार विचार करतो. घेणाऱ्याच्या मानाचा मात्र करीत नाही. उभ्या असलेल्याच्या बाजूने पाहिले की चित्र बदलते. पाटी असेल तेथे त्याला काही मागावे लागत नाही; ती जागा त्याचीच असते. पाटी नसेल तेथे त्याने आपले म्हातारपण, आपले दुखणे चारचौघांत उघडे करून दाखवायचे आणि कोणाला तरी दया येण्याची वाट पाहायची. आमच्या म्हातारीचे पहिले वाक्य आठवून पाहावे: मला नाही, या लेकराला. पायांत गोळे तिच्याही आले असतील. परंतु स्वतःसाठी मागणे तिच्या जिवावर आले. नातवाचा दुखरा हात तिने पुढे केला. नियम देणाऱ्याला चांगला करीत नाही, हे कबूल. पण घेणाऱ्याला याचक होऊ देत नाही, हे काय थोडे झाले?

म्हणून नियम असावा. मात्र नियम झाला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांना हांक्यूवाल्यांची मूळ शंका आजही लागू आहे. पाटीच्या आसनापासून हातभर दूर बसलेला माणूस निर्धास्तपणे डोळे मिटून घेतो. नियमाने त्याला सुटका मिळवून दिलेली असते. नियम जेथे थांबतो तेथून पुढचा रस्ता मनालाच चालावा लागतो.

त्या रस्त्यावर उठणे हा एकच धर्म आहे असे मात्र नाही, आणि येथे आमच्या बाकाने शोधलेली युक्ती मला फार मोलाची वाटते. ती युक्ती म्हणजे सरकणे. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, त्या 'चौथ्या सीट'ला कोठल्याही नियमपुस्तकाचा आधार नसला तरी तिचा हक्क सहसा कोणी नाकारीत नाही. सरकण्यात त्याग नाही, हुतात्मेपण नाही, उपकार केल्याची ऐट नाही. उठणाऱ्याकडे डबा कौतुकाने पाहतो. सरकणाऱ्याकडे कोणी पाहतसुद्धा नाही. बसलेला बसलेलाच राहतो, उभा असलेला बसतो, आणि दोघांचे खांदे एकमेकांना लागतात.

विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीस जे भूदान सुरू केले, त्याच्या मुळाशी मला हेच सरकणे दिसते. सारी जमीन सोडून द्या, असे ते म्हणत नव्हते. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या, असे त्यांचे मागणे असे. बाकावर सहावा आला आहे, जरा सरकून घ्या, एवढेच! लाखो एकरांची दानपत्रे झाली. त्यांतली पुष्कळशी जमीन पुढे वाटलीच गेली नाही, कित्येक ठिकाणी ती खडकाळ निघाली, हेही खरे आहे. महाराष्ट्रात १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. आणि त्या कायद्यातूनही लोकांनी वाटा काढल्याच. नुसत्या मनावर सोडले तर खडक हाती येतो, नुसत्या कायद्यावर सोडले तर पळवाट. डब्यातला न्याय आणि शेतातला न्याय एकाच जातीचे आहेत.

आता काळ बदलतो आहे. २०२५ च्या ऑगस्टपासून अजनी-पुणे वंदे भारत बडनेऱ्यास आणि अकोल्यास थांबू लागली. तिच्यात बाक नाहीत. प्रत्येकाला क्रमांकाची, दोन बाजूंना हात असलेली खुर्ची. तेथे रुमाल टाकावा लागत नाही आणि सरकताही येत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना तसे सुखाने नेता आले तर कोणाला आवडणार नाही? सुखाला नावे ठेवणारा मी नव्हे. पण खुर्चीला हात आले म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही. तो फलाटावर उतरून उभा राहतो. ज्याला ते तिकीट परवडत नाही, तो बोचके डोक्यावर घेऊन मागच्या गाडीची वाट पाहत असतो, आणि त्या गाडीत बाक असतो.

दिवाळीच्या दिवसांत, विशेषतः भाऊबीजेला, हा मार्ग पाहावा. कचेऱ्यांना सुट्टी, म्हणून रोजची मंडळी नसतात, रुमालही कमी असतात. डबा मात्र भरून वाहत असतो. चकलीचे डबे, नव्या परकरातल्या मुली, ओवाळून घ्यायला निघालेले भाऊ. कोणाचीच जागा ठरलेली नसते, आणि तरी बोरगाव येईपर्यंत बहुतेक सगळे कसेबसे टेकलेले असतात. चौघांच्या बाकावर पाचवा बसला तर प्रत्येकाचे चार बोटे कमी होते. त्या चार बोटांचा हिशेब अकोल्याला उतरल्यावर कोणी ठेवीत नाही. ज्याला बसायला मिळाले, त्याचे पाय मात्र घरी पोचेपर्यंत तो हिशेब ठेवतात.